खोट्या नाण्यांचा डबा

किस्से कोणी ठरवून जमवत नाही. खिशात राहिलेल्या एसटीच्या तिकिटांसारखे ते साठत जातात आणि सदरा धुवायला टाकताना एकदम हाताला लागतात. माझे किस्से मात्र बिस्किटाच्या एका पत्र्याच्या डब्यात आहेत. डबा हलवला की खुळखुळतो. आत सगळी जुनी दिसणारी नाणी आहेत, सगळी खोटी आहेत आणि प्रत्येकावर छिन्नीचा एक आडवा घाव आहे. डब्यात एक नाणं कमी आहे. त्याचं शेवटी सांगतो.

आम्ही चौघं होतो. मी दौंडला रेल्वेच्या मालधक्क्यावर क्लार्क, म्हणून सगळे मला बाबू म्हणायचे. शिरूरचे आप्पा सोनार आमच्यात सगळ्यांत वडील. कासुर्डीचे बबनराव झेंडू-शेवंती लावायचे आणि फुलांचे पैसे हातात आले की जुन्या नाण्यांत घालायचे. चौथे साळवे गुरुजी, भांडगावच्या शाळेत मास्तर. एकाहत्तर-बाहत्तरपासून पुढची सात-आठ वर्षं, महिन्याच्या पहिल्या रविवारी आम्ही तिघं एसटीनं चौफुल्याहून न्हावऱ्यामार्गे शिरूरला जायचो. आप्पांचं दुकान त्या दिवशी बंद असायचं. फळ्या अर्ध्या लावून आम्ही आत बसायचो आणि नाणी हातोहात फिरायची. एवढं साधं सुख होतं. त्याची आम्ही कशी माती केली ते आता सांगायला हरकत नाही.

*

डब्यातलं पहिलं नाणं माझं आहे. दौंडच्या प्लॅटफॉर्मवर एका प्रवाशानं मला राणीछाप रुपया विकला. गाडी सुटायच्या बेतात होती, त्यामुळे मी फार पाहिलं नाही. रविवारी मोठ्या रुबाबात तो आप्पांपुढं ठेवला.

आप्पांची एक पद्धत होती. दुकानात शहाबादी फरशीचा एक तुकडा होता. त्यावर नाणं वीतभर उंचीवरून टाकायचं आणि डोळे मिटून ऐकायचं. खरं चांदीचं नाणं वाजत राहतं. आतून शिसं भरलेलं बद्द वाजतं आणि गप्प होतं. माझा रुपया गप्प झाला. आप्पांनी डोळे उघडले.

"बाबू, ही राणी न्हाई. राणीची मोलकरीण बी न्हाई."

सगळे हसले. मीही हसलो, आणि लाज झाकायला म्हणालो की बारामतीला एक छंदिष्ट आहे, त्याला देऊन बदल्यात दुसरं काहीतरी आणतो. गुरुजी हसायचे थांबले.

"तुम्हाला एकानं फसवलं. बारामतीच्या माणसाला कोण फसवणार? तुम्हीच ना?"

त्याच दिवशी गुरुजींनी आमचे नियम घालून दिले. नाणं खरं की खोटं ते बाकीच्या तिघांनी ठरवायचं, आणि तिघांचं एकमत झालं तरच ते खोटं. मालकाला मत नाही, कारण मालकाची नजर आईची असते. खोटं ठरलेल्या नाण्यावर घाव घालायचा, म्हणजे ते पुढं कोणाच्या गळ्यात पडणार नाही. छिन्नी आप्पांनी धरायची, पण हातोडी मालकानंच मारायची. आणि नाणं माझ्या डब्यात.

पहिली हातोडी मी मारली. पहिल्या फटक्यात अंगठाच चेचला. ती खूण अजून आहे.

*

बबनरावांची फसवणूक दुष्काळाच्या साली झाली. सगळीकडे तलावाची, रस्त्याची कामं चालली होती आणि खोदताना हंडा सापडल्याच्या बातम्या रोज उठायच्या. काळी छत्री घेतलेला एक माणूस कासुर्डीला आला आणि कामावर सापडलेला म्हणून सोन्याचा होन दाखवला. बबनरावांनी बदल्यात घरातली सायकल दिली. वहिनींनी होन देवघरात ठेवला. रोज दही-दूध, हळद-कुंकू.

महिन्याभरात होनाच्या कडेला हिरवं यायला लागलं. आप्पा म्हणाले, पितळ आहे, वरचा मुलामा गेलाय. बबनराव ऐकायला तयार नव्हते.

"आप्पा, श्रावण चाललाय. श्रावणात समदंच हिरवं व्हतं."

तिघांचं एकमत झालं तरी बबनरावांनी तीन महिने हातोडी उचलली नाही. मारली तेव्हा अशी मारली की छिन्नीचं टोकच उडालं. आप्पांना नवी करून घ्यावी लागली.

सायकल पुढं चौफुल्याला एका हॉटेलात दिसली. हॉटेलवाल्याला छत्रीवाल्यानं सांगितलं होतं की ही इंग्रज कलेक्टरची आहे. त्यानं ती धुऊन-पुसून गल्ल्याशेजारी उभी केली होती आणि कोणाला हात लावू देत नव्हता. बबनराव दोन कप चहा पिऊन गप्प उठून आले. आम्ही विचारलं तर म्हणाले, "सुखात हाय बिचारा. कशाला सांगू?"

*

हा किस्सा सांगताना मला अजून कसंतरी होतं.

मालधक्क्यावर एक लाकडी पेटी आली. कागदावर माल लिहिला होता पितळी बटणं. उतरवताना पेटीचा कोपरा फुटला आणि बटणं बाहेर सांडली. बघतो तर शिवराया, शिवाजी महाराजांच्या नावाची नाणी! तांब्याच्या, काळपट, जुनाट दिसणाऱ्या. एक उचलली, 'छत्रपति'मधल्या 'पति' या अक्षरांच्या खाली काठावर छोटी कपची उडालेली. दुसरी उचलली, तिलाही तिथंच कपची. तिसरीलाही. शेदोनशे शिवराया आणि सगळ्यांना एकाच जागी एकच कपची. म्हणजे एका मूळ नाण्याचा साचा करून सगळी ओतलेली.

मी हमालाकडून पेटी बांधून घेतली. दुपारी मालक पावती घेऊन आला. पावती बरोबर होती, वजन बरोबर होतं. चलनात नसलेलं नाणं कोणी ओतलं तर मी कोणत्या कलमाखाली अडवणार? मी सही केली. वर त्या माणसानं विचारलं म्हणून टांगा कुठं मिळेल तेही सांगितलं.

गुरुजींना सांगितलं तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "सही केलीत?" मी म्हटलं, पावती बरोबर होती. ते पुढं काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

त्यातल्या शिवराया पुढची चार-पाच वर्षं एकेक करून आमच्याकडे येत राहिल्या. कधी बाजारातून, कधी कोणाच्या पाहुण्याकडून, कधी 'आजोबांच्या पेटीत सापडली' म्हणून. मी काठाकडे बघायचो, कपची दिसायची. डब्यात अशा अकरा आहेत. प्रत्येक वेळी मला माझी सही दिसायची.

*

ह्या सगळ्याचा परिणाम काय झाला ते तेव्हा कळलं नाही. पूर्वी कोणी नाणं दाखवलं की आम्ही विचारायचो, कुठल्या टांकसाळीचं, कोणाच्या काळातलं. आता हातात घेतानाच मनात यायचं, खोटं असणार. बबनराव तर नाण्याचा वास घ्यायला लागले होते. नवं नाणं जुनं दिसावं म्हणून उकिरड्यात पुरतात असं त्यांनी कुठंतरी ऐकलं होतं.

न्हावऱ्याची एक म्हातारी आप्पांकडे तुटलेली जोडवी झाळायला आली होती. आम्ही नाणी बघतोय हे पाहून तिनं पदराची गाठ सोडली आणि एक शिवराई पुढं केली. फक्त दाखवायला, विकायला नाही. बबनरावांनी ती घेतली, नाकाशी धरली आणि म्हणाले, "मावशे, ही कुणी दिली तुला? उकिरड्याचा वास येतोय."

म्हातारीनं शिवराई त्यांच्या हातातून काढून घेतली. "माज्या सासूनं दिली," ती म्हणाली. "तिनं वास घिऊन दिली न्हवती."

गाठ पुन्हा मारली आणि जोडवी न झाळताच निघून गेली. मी काठ पाहिला होता. कपची नव्हती. मी तसं तिथल्या तिथं म्हणायला हवं होतं. मी बबनरावांच्या तोंडाकडे बघत बसलो.

*

आता आप्पांच्या कानाचं.

एका रविवारी बबनरावांना चेष्टा सुचली. त्यांनी खिशातला सरकारी रुपया काढला, रोज बाजारात चालतो तो, आणि आप्पांनी डोळे मिटल्यावर फरशीवर टाकला. चांगला खणखणला. रस्त्यावरच्या माणसानं वळून बघावं इतका.

आप्पांनी मान हलवली. "बद्द हाय. ठिवा डब्यात."

मग डोळे उघडले आणि समोर सरकारी रुपया! क्षणभर ते गोंधळले. पण आप्पाच ते. म्हणाले, "मी काय चुकीचं बोललो? सरकारचंबी हल्ली खरं राह्यलं न्हाई."

ती आणीबाणीची वर्षं होती. गुरुजींनी उठून आधी दुकानाची उरलेली फळी लावली. मग आम्ही पोट धरून हसलो.

परतीच्या एसटीत मात्र कोणी हसत नव्हतं. आप्पांना ऐकू येत नाहीसं झालं होतं आणि ते आम्हा तिघांनाही कळलं होतं. बबनराव म्हणाले, कोणीतरी सांगाया पाहिजे. मी म्हटलं, तुम्ही सांगा. ते म्हणाले, तुम्ही शिकलेले. गुरुजी खिडकीबाहेर बघत होते. पंचक्रोशीत आप्पांच्या कानाचं नाव होतं. त्यांना तोंडावर हे सांगायचं म्हणजे त्यांच्या दुकानाची पाटी उतरवण्यासारखंच होतं. आम्ही भिडेपोटी गप्प बसलो आणि त्या भिडेला आदर म्हणालो.

*

साळवे गुरुजींचं एकही नाणं डब्यात नव्हतं, कारण ते नाणी घेतच नसत. ते कागद आणि पेन्सिल घेऊन यायचे. नाण्यावर कागद ठेवून पेन्सिल आडवी घासायची की नाण्याचा ठसा कागदावर उतरतो. आमच्या सगळ्यांच्या नाण्यांचे ठसे त्यांच्या वहीत होते. भांडगावची पोरं त्या वहीतून इतिहास शिकायची. बबनराव त्यांना चिडवायचे, "गुरुजी, तुम्ही फुकटचे सावकार."

त्यांना एकच नाणं हवं होतं. पुण्याच्या ग्रंथालयात त्यांनी एका पुस्तकात चित्र पाहिलं होतं. सातवाहनांच्या काळातलं नाणं, त्यावर कठड्यात उभं असलेलं झाड. बोधिवृक्ष.

एकदा चौफुल्याला गाडीची वाट बघताना मी विचारलं, हेच का? ते म्हणाले, "आमच्या वडलांनी धम्म घेतला तेव्हा घरातले देवांचे सगळे टाक नदीत सोडले. मी होतो बरोबर. चांगलं केलं त्यांनी, मला त्याचं दुःख नाही. पण बाबू, तुमच्या प्रत्येकाच्या घरात काहीतरी जुनं आहे. आमच्या घरात जुनं म्हणजे वडलांचा कंदील. हे झाड दोन हजार वर्षांचं आहे आणि ते आमचं आहे. एकदा हातात घ्यावंसं वाटतं. पोरांच्या हातात द्यावंसं वाटतं."

इतकं ते एका दमात कधी बोलले नव्हते. मी वर्षानुवर्षं तसलं नाणं कुठं दिसतं का बघत होतो. दिसलं नाही.

आणि एका रविवारी गुरुजी रुमालाची घडी घेऊन आले. जुन्नरकडच्या एका मास्तरनं त्यांना ते असंच दिलं होतं. त्याच्या शेतात नांगरताना निघालं होतं. करड्या रंगाचं, बोराएवढं, ओबडधोबड. उजेडात तिरकं धरलं की कठडा दिसायचा आणि कठड्यात झाड. गुरुजींनी ते आप्पांपुढं ठेवलं, कारण नियम म्हणजे नियम.

आप्पांनी डोळे मिटले. नाणं फरशीवर पडलं आणि काहीच वाजलं नाही. आप्पांनी ते कागदावर ओढलं, काळी रेघ उमटली.

"शिसं हाय," आप्पा म्हणाले. "निव्वळ शिसं. वर मुलामाबी न्हाई."

डब्यातल्या निम्म्या नाण्यांच्या पोटात शिसं निघालं होतं. आमच्या लेखी शिसं म्हणजे खोटं, ह्यात विचार करायचंच काही नव्हतं. बबनरावांनी वास घेतला आणि म्हणाले, "माती ताजी हाय." दोन मतं झाली. राहिलो मी.

गुरुजी शांतपणे म्हणाले, "त्या काळी शिशाची नाणी पाडत असत, असं मी वाचलंय."

आप्पांना ते अर्धवट ऐकू आलं असावं. ते म्हणाले, "मालकाला मत न्हाई, गुरुजी. कायदा तुमचाच हाय."

गुरुजी माझ्याकडे बघायला लागले. मला नक्की माहीत नव्हतं. नक्की माहीत नसताना 'नाही' म्हणता आलं असतं, तेवढ्यावर नाणं वाचलं असतं. पण आप्पांना सगळ्यांदेखत खोटं पाडायचं धाडस झालं नाही. आणि खरं सांगायचं तर आत कुठंतरी बरं वाटलं, की मला बारामतीवरून बोलणारे गुरुजीही शेवटी फसले. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

मी म्हटलं, "खोटं."

गुरुजींनी आधी कागद-पेन्सिल काढली. ठसा घेतला, वहीत ठेवला. मग हातोडी घेतली. आप्पांनी छिन्नी धरली. एकच फटका, तोही हलका. शिसं मऊ असतं, घाव झाडाच्या बुंध्यापर्यंत उतरला. गुरुजींनी नाणं स्वतःच्या हातानं डब्यात टाकलं. खुळखुळलंही नाही.

*

माझं मन खात होतं. पुढच्याच आठवड्यात रजा टाकून मी नाणं पुण्याला एका अभ्यासकांकडे नेलं. त्यांनी भिंगाखाली धरलं आणि लगेच म्हणाले, सातवाहनांचं आहे, शिशाचंच असतं, झाड इतकं स्वच्छ फार क्वचित मिळतं. मग घावावर बोट ठेवलं. "हे ताजं आहे. नांगराचा फाळ लागला का?"

मी म्हटलं, "हो. फाळ लागला."

तिथून सरळ भांडगावला गेलो. मधली सुट्टी होती. वर्गाच्या भिंतीवर गुरुजींनी तो ठसा डकवला होता, अख्खा, घाव पडण्याआधीचा. मी सगळं सांगितलं, फाळाचं खोटं बोललो तेही सांगितलं आणि नाणं पुढं केलं. गुरुजींनी ते घेतलं नाही.

"किती जुनं म्हणाले?"

"दोन हजार वर्षांच्या आसपास."

"दोन हजार," ते म्हणाले. त्यांनी फळा पुसायला घेतला. फळा कोराच होता, तरी बराच वेळ पुसत राहिले. मग पाठमोऱ्यानंच विचारलं, "आप्पांना सांगितलंत?"

"नाही."

"सांगू नका. बबनरावांनाही नको, त्यांच्या तोंडात राहायचं नाही. नाणं डब्यात असू द्या."

मी कोणाला सांगितलं नाही. आजही शपथेवर सांगतो.

पुढच्या महिन्याच्या रविवारी शिरूरला पोचलो तर शहाबादी फरशी जागेवर नव्हती. ती दुकानाच्या दारात पायरी म्हणून बसवली होती. छिन्नी कुठं आहे विचारलं तर आप्पा म्हणाले, मोडीत घातली. का, ते सांगितलं नाही. त्या दिवशी कोणी नाणंही काढलं नाही. निघताना आप्पांनी मला थांबवलं. "बाबू, त्यो शिशाचा तुकडा ठिवून जावा हितं." मी डबा उघडून दिला. त्यांनी आत बोटं घातली आणि न बघता नेमका तोच काढला.

त्याच्याही पुढच्या महिन्यात आम्ही बसल्यावर आप्पांनी गादीखालून एक डबी काढली आणि गुरुजींच्या हातात दिली. आत ते नाणं होतं. भोवती चांदीचं बारीक कोंदण, केसाएवढ्या नख्यांनी पकडलेलं, दोन्ही बाजू मोकळ्या, म्हणजे वर कागद ठेवून ठसा घेता यावा. घाव चांदीनं दाबून धरला होता. बंद झाला नव्हता, पण आता वाढणार नव्हता. इतकं नाजूक काम आप्पांनी त्या वयात कसं केलं कोण जाणे.

बबनराव माझ्याकडे बघायला लागले. मी गुरुजींकडे. गुरुजींनी नाणं उजेडात तिरकं धरलं. मग त्यांनी विचारलं, "आप्पा, खोट्या नाण्याला चांदी कशाला?"

आप्पांनी कानामागं तळहात धरला आणि ते पुढं वाकले. सात वर्षांत त्यांनी आमच्यापुढं असं कधी केलं नव्हतं.

गुरुजींनी पुन्हा विचारलं, थोडं मोठ्यानं. आप्पांनी हात खाली घेतला.

"मला ऐकू येत न्हाई, गुरुजी," ते म्हणाले. "लई दिस झालं."